युद्धात मोकळा असलेला पाव शांततेत कुपनावर का आला? (ब्रिटन आणि इतरत्र, १९४५ ते १९५४)

अबोली

आमच्या शेजारच्या आजी पावाची कडेची जाड फोड कधी टाकत नाहीत. शेफील्डला राहायला आल्यापासून बघतेय. लोणी नसलं तरी चालतं, चहात बुडवून खातात. मला वाटायचं, वयाची सवय. गिरगावातली माझी आजीही ताटात पोळीचा तुकडा राहू द्यायची नाही.

मागच्या महिन्यात त्यांचं कपाट आवरायला गेले होते. कागदांच्या गठ्ठ्यात एक निळं रेशनबुक निघालं, लहान मुलांचं. मी विचारलं, "लढाईतलं का?" त्या म्हणाल्या, "नाही, लढाई संपल्यानंतरचं. लढाईत निदान पाव तरी पोटभर होता."

हे वाक्य डोक्यातून जाईना. घरी येऊन वाचत बसले तर ते अक्षरशः खरं निघालं. युद्धाच्या सहा वर्षांत ब्रिटनमध्ये लोणी, साखर, मांस, चहा, कपडे, साबण सगळं कुपनावर होतं, पण पाव मोकळा होता. जर्मन पाणबुड्या गव्हाची जहाजं बुडवत होत्या तेव्हाही मोकळाच. तो कुपनावर आला २१ जुलै १९४६ ला, विजयाला वर्ष उलटून गेल्यावर. साध्या प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे ९ औंस, अंगमेहनतीचं काम करणाऱ्याला जास्त. दोन वर्षं हे चाललं, जुलै १९४८ पर्यंत.

मला आजवर युद्धोत्तर काळ म्हटलं की ८ मे १९४५ ची गर्दीची छायाचित्रं आठवायची. रस्त्यावर नाचणारी माणसं, दिव्यांची रोषणाई. पुढचं काही कुणी शिकवलंच नाही. ८ मे ला रोषणाई झाली आणि त्याच महिना अखेरीस बेकन आणि चरबीचं रेशन घटवल्याची बातमी आली. ऑगस्टमध्ये जपान शरण आला आणि आठवड्याभरात अमेरिकेने उधारीवर माल पाठवण्याची व्यवस्था थांबवली. युद्धात ब्रिटनने निर्यातीचे कारखाने शस्त्रांकडे वळवले होते, परदेशातली गुंतवणूक विकली होती. गहू, मांस, तंबाखू घ्यायला डॉलर हवेत आणि डॉलर मिळवायला विकायला काही नाही. अर्थतज्ज्ञ केन्स ब्रिटनच्या वतीने वॉशिंग्टनला जाऊन तीन महिने खटपट करून बसले, तेव्हा ३७५ कोटी डॉलरचं कर्ज मिळालं, दोन टक्के व्याजाने.

त्यात १९४६ ला जगभरच धान्याची ओढ होती. युरोपातली शेतं उजाड झालेली, आपल्याकडे दक्षिणेत पाऊस फसलेला, आणि जर्मनीचा जो भाग ब्रिटिश सैन्याच्या ताब्यात होता तिथल्या लोकांचं पोट भरण्याची जबाबदारी ब्रिटनवरच. कालपर्यंत जे शत्रू होते त्यांना गहू पाठवायचा आणि घरच्या पावाला कुपन लावायचं, हा निर्णय त्या सरकारने घेतला. मला त्या निर्णयाबद्दल आदर वाटतो. रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांना मात्र त्याचा संताप आला आणि तोही मला समजतो. त्यांनी सह्या गोळा केल्या, मोर्चे काढले, बेकरीवाल्यांनीही विरोध केला.

पुढे आला १९४७ चा हिवाळा. १ जानेवारीला कोळशाच्या खाणी सरकारच्या मालकीच्या झाल्या. खाणींच्या दारांत पाट्या लागल्या की आता या खाणी जनतेच्या. तीन आठवड्यांनी बर्फ सुरू झालं ते मार्चच्या मध्यापर्यंत. कोळसा खाणीच्या तोंडाशी पडलेला, पण मालगाड्यांचे डबे बर्फात अडकलेले, बंदरांत जहाजं अडकलेली. ७ फेब्रुवारीला इंधनमंत्री शिनवेल यांनी पार्लमेंटमध्ये सांगितलं की सोमवारपासून मोठ्या भागातल्या कारखान्यांची वीज बंद. घरगुती वीज सकाळी ९ ते १२ आणि दुपारी २ ते ४ बंद. वीस लाखांवर माणसं एकदम बेकार झाली. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत २ ते २२ फेब्रुवारी एक मिनिटही ऊन नोंदलं गेलं नाही.

आजी तेव्हा नऊ वर्षांच्या. त्या आणि त्यांचा भाऊ धाकट्या बहिणीची ढकलगाडी घेऊन गॅस कारखान्याच्या दारात कोकच्या, म्हणजे कोळशातून गॅस काढल्यावर उरणाऱ्या जळणाच्या, रांगेत उभे राहायचे. बहीण घरी, गाडीत कोकचं पोतं. परत येताना भावाने हातमोज्याची एक जोडी वाटून घेतली होती, एक त्याच्या हातात आणि एक आजींच्या. तो भाऊ आता नाही. हे सांगताना त्या मध्येच थांबल्या आणि मीही पुढे काही विचारलं नाही.

बर्फ वितळलं तर पूर आले. पूर्व इंग्लंडमधल्या फेन्सच्या सखल भागात बांध फुटले, डोंगरातल्या मेंढ्या तर आधीच लाखांनी मेल्या होत्या. साठवलेले बटाटे थंडीने सडले. त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर बटाट्यावरही मर्यादा आली, आठवड्याला माणशी ३ पौंड. युद्धात बटाटाही कधी रेशनवर नव्हता.

आणि हे सगळं वर्तमानपत्रांत कसं आलं असेल? कागदावरसुद्धा नियंत्रण होतं. बरीच वर्तमानपत्रं चार पानांची झाली होती. सगळ्या जगाच्या बातम्या चार पानांत. पावाचं वजन घटलं, साबण कमी झाला, या बातम्या कोपऱ्यातल्या दोन-चार ओळींच्या. फेब्रुवारीच्या त्या अंधारात काही साप्ताहिकांना तर दोन आठवडे अंकच काढू दिले नाहीत.

एक तारीख मला खिळवून गेली. २० फेब्रुवारी १९४७. घराघरात मेणबत्त्या, कारखाने बंद, आणि पंतप्रधान ॲटली उभे राहून सांगतात की जून १९४८ च्या आत आम्ही भारत सोडू. त्याच महिन्यात पॅलेस्टाईनचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांकडे सोपवायचं ठरलं, आणि ग्रीस-तुर्कस्तानचा खर्च आता झेपत नाही हे अमेरिकेला कळवलं गेलं. कोळसा संपला म्हणून आपण स्वतंत्र झालो असं कोणी म्हटलं तर मी भांडेन, ते श्रेय आपल्या लोकांचं आहे. पण ज्यांना राज्य टिकवायचं होतं त्यांच्या घरात शेगडी पेटत नव्हती, हेही तितकंच खरं.

तुमच्या घरांतून त्या काळाच्या, म्हणजे युद्ध संपल्यानंतरच्या वर्षांच्या, काही आठवणी आहेत का? भारतातल्या, बाहेरच्या, कुठल्याही. लिहा.

मिलगेट

अबोलीताई, चांगला विषय घेतलात. आमचे आजोबा परळला गिरणीत होते. मुंबईत रेशनिंग १९४३ च्या मे महिन्यात सुरू झालं. लढाई संपली की हे कार्ड फेकून देऊ, असं सगळी चाळ म्हणायची. झालं उलटंच. १९४६ च्या सुरुवातीला धान्याचं प्रमाण माणशी दिवसाला १६ औंसांवरून १२ औंसांवर आणलं. १२ औंस म्हणजे साधारण ३४० ग्रॅम. ज्याच्या जेवणात भात-भाकरीशिवाय दुसरं फारसं काही नाही त्याला हे किती पुरणार? आजोबा म्हणायचे, रात्रपाळीला डबा उघडायची भीती वाटायची, कारण उघडला की संपायचा.

त्याच वर्षी १८ फेब्रुवारीला मुंबईतल्या नौदलाच्या 'तलवार' तळावर नौसैनिकांनी जेवण नाकारलं. निकृष्ट अन्न हे त्यांच्या तक्रारींतलं एक ठळक कारण होतं. पुढे गोळीबार झाला तेव्हा परळ-लालबागची माणसं रस्त्यावर उतरली. नुसत्या देशभक्तीने उतरली असं आजोबा म्हणत नसत. ते म्हणायचे, पोटात आधीच आग होती.

आणि 'कंट्रोल' हा शब्द आठवतो का कोणाला? कंट्रोलचं कापड, कंट्रोलची साखर. डिसेंबर १९४७ मध्ये गांधीजींच्या आग्रहामुळे नियंत्रणं उठवायला सुरुवात झाली. व्यापारी माल बाहेर काढतील आणि भाव उतरतील अशी त्यांची श्रद्धा होती. भाव चढले. पुढच्या वर्षी नियंत्रणं परत लावावी लागली. आमच्या आजीचं एक लुगडं त्या मधल्या काळातलं, दुप्पट पैसे देऊन घेतलेलं. ती ते फक्त लग्नाकार्यात नेसायची.

नांगरट

धागा वाचला आणि खरं सांगतो, राग आला. ब्रिटनमध्ये दिवसाला ९ औंस पाव मिळत होता म्हणून आपण हळहळायचं? १९४३ ला बंगालमध्ये सुमारे ३० लाख माणसं मेली असा अंदाज आहे. कलकत्त्याच्या रस्त्यांवर माणसं भाताची पेज मागत मरत होती आणि लंडनचं मंत्रिमंडळ जहाजं देत नव्हतं. त्या ९ औंस पावाबरोबर दूध होतं, थोडं मांस होतं, बटाटे होते. उपाशी कोणी मेलं नाही. या दोन गोष्टी एका पंगतीत बसवू नका.

दुसरी गोष्ट. युद्ध संपलं तेव्हा ब्रिटन भारताचं देणं लागत होतं, सुमारे १३० कोटी पौंड. आपल्या माणसांनी धान्य, ताग, कापड, सैनिक दिले, त्याची ती उधारी. ते पैसेही हातात आले नाहीत, खात्यात अडकून राहिले आणि थोडे थोडे सुटले. केन्स अमेरिकेकडे हात पसरत होते त्याच वेळी आपले पैसे दाबून ठेवलेले होते. हे लिहायला हवं होतं.

अबोली

नांगरट, तुमचा राग बरोबर आहे आणि उधारीचा मुद्दा मी लिहायला हवा होता. राहून गेला. बंगालच्या दुष्काळाशी तुलना करायची माझी इच्छा नव्हती आणि नाही. तिथे माणसं मेली, इथे माणसं थकली. हा फरक मी विसरणार नाही.

पण बंगालचे निर्णय घेणारं मंत्रिमंडळ आणि ढकलगाडीत कोक आणणारी नऊ वर्षांची मुलगी यांना मी एक समजू शकत नाही. तिच्याबद्दल हळहळ वाटली तर बंगालबद्दलची कमी होत नाही. मला तरी होत नाही.

नांगरट

हे मान्य. त्या मुलीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पैशाचं कोणीतरी सविस्तर लिहा.

कोलोनकर

मी कोलोनला असतो. इथे त्या हिवाळ्याला 'भुकेचा हिवाळा' म्हणतात. १९४६ च्या वसंतात ब्रिटिश भागातलं रेशन दिवसाला सुमारे १,००० उष्मांकांवर आलं होतं. मोठ्या माणसाच्या गरजेच्या निम्म्याहून कमी. शहर तर बॉम्बहल्ल्यांनी भुईसपाट झालेलं, लोक तळघरांत राहत होते.

३१ डिसेंबर १९४६ ला इथले कार्डिनल (कॅथलिक धर्मगुरू) फ्रिंग्ज यांनी शहरातल्या रील भागातल्या चर्चमध्ये प्रवचन दिलं. जीव आणि आरोग्य टिकवायला जे लागतं ते काम करून किंवा मागून मिळत नसेल तर माणसाने ते घेतलं तर चालेल, असा त्याचा आशय होता. लोकांनी त्याचा सरळ अर्थ घेतला. कोळशाच्या गाड्या सिग्नलला थांबल्या की पोरं वर चढून कोळसा खाली टाकायची आणि बाया टोपल्या भरायच्या. या चोरीला त्यांच्या नावावरून क्रियापदच तयार झालं, 'फ्रिंग्जेन'. माझ्या कामावरचे एक वयस्क सहकारी अजूनही ते वापरतात. त्यांची आई कोळसा आणायला जाताना आधी चर्चमध्ये जाऊन यायची.

खानदेशी शेंग

खाद्यतेलाचा विषय कोणी काढला नाही म्हणून लिहितो. मी भुईमूग करणारा माणूस, त्यामुळे ही गोष्ट वाचली तेव्हा झोप आली नव्हती.

ब्रिटनला चरबी आणि तेलाची टंचाई. त्यावर तोड म्हणून ठरलं की पूर्व आफ्रिकेत टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, भुईमूग पेरायचा. किती? ३० लाख एकरांहून जास्त. १९४७ ला कोंगवा नावाच्या ठिकाणी काम सुरू झालं. अन्नमंत्री स्ट्रेची या योजनेच्या मागे ठाम उभे होते. युद्धातून परतलेले सैनिक, युद्धातलीच जुनी यंत्रं. ट्रॅक्टर मिळेनात म्हणून रणगाड्यांचे ट्रॅक्टर करून वापरले. गोरखचिंचेची अवाढव्य झाडं उपटताना यंत्रं मोडली. सुट्या भागांची वाट बघण्यात महिने गेले.

पण खरी चूक मातीची. ज्यांनी भुईमूग लावलाय त्यांना लगेच कळेल. फुलं गळाली की आऱ्या, म्हणजे खाली वाढणारे देठ, सुटतात आणि त्या जमिनीत शिरल्या तरच शेंग धरते. जमीन भुसभुशीत पाहिजे. कोंगव्याची माती चिकणमातीची. पाऊस पडला की चिखल आणि ऊन पडलं की वीट. आऱ्या शिरायच्या कशा, आणि शेंगा धरल्या तरी उपटायच्या कशा? पाऊसही बेभरवशाचा. तिथल्या गोगो लोकांना त्यांचं रान माहीत होतं. आमच्याकडे कोणताही म्हातारा ढेकूळ हातात घेऊन, चुरून सांगेल की इथे भुईमूग नको.

जानेवारी १९५१ ला योजना गुंडाळली. सुमारे ३ कोटी ६० लाख पौंड बुडाले. बियाण्याला आणलेल्या दाण्यांइतकंही पीक आलं नाही असं सांगतात. मला त्या लोकांची खोटी नियत वाटत नाही. घरी मुलांना चोपडायला मार्गरीन नाही म्हणून ते घाईला आले होते. पण घाईला आलेल्या माणसाने जमिनीला विचारलं नाही, तर जमीन ऐकत नाही.

वैदेही_बालरोग

एक वेगळी बाजू. मी लहान मुलांची डॉक्टर आहे, म्हणून हे आकडे मला माहीत आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९३९ साली जन्मलेल्या दर हजार बाळांमागे सुमारे ५० बाळं वर्षाच्या आत दगावत होती. १९५० साली हे प्रमाण सुमारे ३० वर आलं होतं. म्हणजे टंचाईची सगळी वर्षं धरून ते घटलं. एकट्या रेशनमुळे नाही, नवी औषधं आली, बाळंतपणाची सोय सुधारली. पण गरोदर बायांना आणि लहान मुलांना दूध, संत्र्याचा रस, कॉड माशाचं तेल ठरवून मिळत होतं, शाळेत दूध मिळत होतं. जे होतं ते गरिबाच्या मुलापर्यंत पोचत होतं. आणि याच तंगीत, जुलै १९४८ ला, सगळ्यांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू झाली. पैसे नव्हते तेव्हा सुरू झाली, हे मला फार मोठं वाटतं. आमच्याकडे तालुक्याच्या ठिकाणी कुपोषित मूल आलं की आम्ही पैशाचं कारण ऐकत असतो.

अबोली, त्या आजींना विचार ना, संत्र्याचा रस आठवतो का म्हणून.

वाळवण

जपानची एक गोष्ट. टोकियोच्या न्यायालयात यामागुची योशितादा नावाचे तरुण न्यायाधीश होते. त्यांच्यापुढे काळ्या बाजारात धान्य घेणाऱ्यांचे खटले यायचे. रेशनवर जगणं अशक्य होतं, सगळं शहरच काळ्या बाजारावर जगत होतं. ज्या गुन्ह्यासाठी मी लोकांना शिक्षा देतो ते धान्य मी खाणार नाही, असं त्यांनी ठरवलं. रेशनचं होतं त्यातलं बरंचसं मुलांना द्यायचे. ऑक्टोबर १९४७ मध्ये ते गेले, वयाच्या ३३ व्या वर्षी, उपासमारीने.

वाचून मला त्यांच्याबद्दल काय वाटावं हेच कळेना. मोठा माणूस, यात शंका नाही. पण त्यांच्या बायकोचा विचार येतो. पानात वाढायचं तिलाच होतं.

जुनी वही

नांगरट यांनी पैशाचं विचारलं म्हणून.

अमेरिकेच्या कर्जाला अट होती की वर्षभरात पौंड डॉलरमध्ये बदलून द्यायचा. १५ जुलै १९४७ ला ते खुलं केलं. ज्याच्या हातात पौंड होता तो डॉलर मागायला आला. पाच आठवड्यांत, २० ऑगस्टला, बंद करावं लागलं. मधल्या काळात कर्जाचे डॉलर वाहून गेले. म्हणजे १५ ऑगस्टला दिल्लीत झेंडा चढत होता तेव्हा लंडनची तिजोरी रोज रिकामी होत होती. भारताचे अडकलेले पैसे सोडायला ते इतके का घाबरत होते, त्याचं उत्तर यात आहे. घाबरण्याचं कारण खरं होतं, तरी पैसे आपलेच होते, याबाबत मी नांगरट यांच्या बाजूने आहे.

पुढे १८ सप्टेंबर १९४९ ला पौंड ४.०३ डॉलरवरून २.८० वर आणला. आपण रुपयाही त्याबरोबर उतरवला, पाकिस्तानने उतरवला नाही. ताग पिकायचा पूर्व बंगालात आणि गिरण्या कलकत्त्याला. भावावरून व्यवहार अडला आणि गिरण्यांना कच्चा माल मिळेना. लंडनमधल्या एका रविवारच्या घोषणेचा फटका हुगळीकाठच्या मजुराला बसला.

त्या अमेरिकन कर्जाचा शेवटचा हप्ता ब्रिटनने भरला डिसेंबर २००६ मध्ये.

मिलगेट

२००६! तेव्हा आजोबांना जाऊनही दहा वर्षं झाली होती. परळची गिरणी तर त्याआधीच बंद पडली.

अबोली

सगळ्यांचे आभार. काल आजींकडे गेले होते, धाग्यातलं बरंचसं त्यांना सांगितलं. फ्रिंग्ज यांची गोष्ट दोनदा सांगायला लावली. बंगालचंही सांगितलं. बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "आम्हाला शाळेत हे कुणी सांगितलं नाही." नांगरट, हे खास तुमच्यासाठी लिहिलं.

वैदेही, संत्र्याचा रस आठवतो. धाकट्या बहिणीसाठी यायचा आणि बाटली रिकामी झाली की पाणी घालून, हलवून या दोघं प्यायची. कॉडच्या तेलाचं नाव काढलं तर अजूनही तोंड वाकडं करतात.

मी विचारलं, संपलं कधी असं वाटलं? मला वाटलं, ४ जुलै १९५४ सांगतील, त्या दिवशी मांसावरचं शेवटचं रेशन उठलं. त्यांनी वेगळंच सांगितलं. एप्रिल १९४९ ला गोळ्या-चॉकलेटवरचं रेशन उठलं होतं. दुकानांतला माल एवढा संपला की ऑगस्टमध्ये परत कुपन लावावं लागलं. ते कायमचं उठलं फेब्रुवारी १९५३ ला. तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या, दुकानात कामाला लागलेल्या. पगारातून पाव पौंड टॉफी घेतली, भावाला अर्धी दिली. "कुपन कापायला दुकानदाराने कात्री उचललीच नाही," म्हणाल्या. "मी तशीच उभी राहिले. त्याने विचारलं, अजून काही हवंय का?"

रेशनबुक त्यांनी मला दिलंय. शेवटची काही पानं कोरी आहेत. फोटो उद्या टाकते.